हौसामावशीचा पेनड्राइव्ह

ही गोष्ट सांगायचं मी बारा वर्षं टाळलं. या अंकाच्या संपादकांनी याआधी तीनदा माझ्याकडे लेख मागितला होता. पहिल्या वेळी मी टाइपरायटरच्या फितीवर लिहून दिलं. दुसऱ्या वेळी लोणावळ्याच्या धुक्यात कागद कसा सादळतो यावर चार पानं लिहिली. तिसऱ्या वेळी डोळ्यांचं ऑपरेशन झाल्याचं कळवलं. ऑपरेशन झालं होतं हे खरं, पण आमच्या हिचं. यंदा मात्र माझ्याकडे कारण उरलेलं नाही आणि हिचे दोन्ही डोळे आता उत्तम आहेत. ती माझ्या खांद्यावरून हे वाचते आहे.

लोणावळ्याच्या बाजारात मी चाळीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं. पहिली वीस वर्षं टाइपरायटर खडखडले, पुढची वीस कॉम्प्युटर गुणगुणले. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, हरवलेल्या म्हशीची जाहिरात, सगळं केलं. पण कॉम्प्युटर आल्यावर लोकांना खरी भीती वाटायची ती एकाच कामाची. नवीन सॉफ्टवेअर घालायचं असलं की भली भली माणसं माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची. "इंटरनेटवरून उतरवलंय, झिप आहे, पुढचं तुम्ही बघा," म्हणायची आणि देवळात नवस सांगितल्यासारखी हात जोडून मोकळी व्हायची.

झिप म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी प्रवासाला निघताना गादी, उशी, चादर, पंचा एकत्र गुंडाळून पट्ट्यांनी आवळायचे. ती वळकटी. झिप ही फायलींची वळकटी. दहा-वीस फायली दाबून एका गुंडाळीत बसवलेल्या असतात. आता वळकटी आवळलेली असतानाच कुणी तिच्यावर झोपायला गेलं तर काय होईल? गडगडेल. तरी नव्वद टक्के लोक तेच करायचे. झिपवर दोनदा टिचकी मारली की आतली यादी दिसते. त्यात 'सेटअप' नावाची फाईल दिसली की लगेच तिच्यावर टिचकी. सेटअप बिचारं उठतं, बाकीच्या भावंडांना हाका मारतं, ती अजून वळकटीत, आणि मग पडद्यावर लाल फुली येते. म्हणून आधी झिप सोडायची, तिच्यातलं सगळं एका नव्या फोल्डरमध्ये काढायचं आणि मग त्या फोल्डरमधून सेटअप चालवायचं. एवढी साधी गोष्ट, पण तिच्यावर माझं घर चाललं.

एका बंगल्याचे मॅनेजर सावंत, गवळीवाड्याजवळ राहायचे. प्रिंटर चालेना म्हणून लॅपटॉप घेऊन आले. उघडून पाहतो तर प्रिंटरची एकच झिप अकरा वेळा उतरवलेली. नावापुढे कंसात एक, दोन, तीन, असं दहापर्यंत.

"सावंत, हे काय?"

"दर वेळी नवीन येते सर. कंसात आकडा वाढतोय, बघा ना. दहावी सगळ्यात ताजी."

"आणि दहावी उघडून बघितलीत?"

"नाही. म्हटलं, अकरावी आली की एकदमच बघू."

हे गृहस्थ वीकेंडला चाळीस पाहुण्यांची खोल्यांची भांडणं हसत हसत सोडवायचे.

दुसरे, तळेगावचे नेनेकाका. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. सॉफ्टवेअर घालताना मधे एक लांबलचक करारनामा येतो आणि खाली 'मला मान्य आहे' असा चौकोन असतो. तो करारनामा वाचणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, तो नेनेकाका. पेन्सिल आणि वही घेऊन बसायचे. एकदा हिशेबाचं काहीतरी सॉफ्टवेअर घालायचं होतं. सकाळी साडेदहाला बसले, एक वाजता चष्मा काढून म्हणाले, "कलम चौदा मला मान्य नाही."

"काका, ते सगळ्यांनाच मान्य करावं लागतं."

"का? यात म्हटलंय की नुकसान झालं तर ते जबाबदार नाहीत. मग कोण जबाबदार? तुम्ही?"

"मी नाही."

"मग मीही सही करत नाही." आणि लॅपटॉप काखेत मारून पुढच्या गाडीनं तळेगावला गेले. आम्ही त्यांच्यावर आठवडाभर हसलो. पण या भागातल्या ज्या एकाच कॉम्प्युटरमध्ये आजतागायत व्हायरस शिरला नाही, तो नेनेकाकांचा. त्यात सॉफ्टवेअरच शिरत नाही, तर व्हायरस कुठून शिरणार.

माझी स्वतःची शिकवण अशी होती, आणि ती मी कागदावर छापून भिंतीला लावली होती. ज्यानं सॉफ्टवेअर केलं त्याच्याच जागेवरून उतरवा, बारा भानगडींच्या जागेवरून नको. 'उतरवा' असं मोठ्या हिरव्या अक्षरांत लुकलुकणारं बटण बहुधा खोटं असतं, खरं बटण गरिबासारखं कोपऱ्यात उभं असतं. झिप उघडण्याआधी अँटिव्हायरसकडून तपासून घ्या. आत 'रीडमी' नावाचा कागद असेल तर तो वाचा, लिहिणाऱ्यानं तो हौस म्हणून लिहिलेला नसतो. पासवर्डचं कुलूप घातलेली झिप अनोळखी माणसाकडून आली तर हात लावू नका, कारण कुलूपबंद ट्रंकेत काय आहे ते पहारेकऱ्यालाही दिसत नाही. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरांत: 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं जी झिप सांगते, ती फेकून द्या. दारात उभं राहून "तुमचं कुत्रं बांधा" म्हणणारा पाहुणा एकवेळ चालेल. "कुत्रं गावाबाहेर सोडून या, मग मी आत येतो" असं म्हणाला, तर तो पाहुणा नव्हे.

हा कागद माझ्या डोक्यावर लटकत असताना मी जे केलं ते आता सांगतो.

त्याआधी हौसामावशी. भाजे गावच्या. लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. शनिवार-रविवारी येणाऱ्या लोकांना ओसरीवर पिठलं-भाकरी वाढायच्या. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान, पण सगळं भाजं मावशी म्हणायचं म्हणून मीही म्हणायचो. पहिल्यांदा आल्या त्या जेवणाचा फलक छापून घ्यायला. पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. मी टाइप करत होतो आणि त्या मागे उभ्या.

"सर, ह्ये मला येईल का?"

"काय?"

"ह्ये. बोटानं लिवायचं."

पुढच्या सोमवारपासून त्या येऊ लागल्या. मळवलीहून एक स्टेशन गाडीनं, पिशवीत माझ्यासाठी दोन भाकऱ्या. चार महिन्यांत त्या फलक तर छापायला लागल्याच, पण गावातल्या बायकांचे अर्जही भरू लागल्या. कुणाचा निराधार पेन्शनचा, कुणाच्या मुलीच्या परीक्षेचा. माझ्याकडे चाळीस वर्षांत शेकड्यांनी मुलं शिकली. टिचकी मारण्याआधी पडद्यावरचं वाक्य पूर्ण वाचणारी विद्यार्थिनी मात्र एकच. कुत्र्याची गोष्ट ऐकून त्या इतक्या हसल्या होत्या की पुढे काहीही उघडायच्या आधी मला विचारायच्या, "सर, कुत्रं कुटंय?" म्हणजे अँटिव्हायरस चालू आहे ना.

मग त्यांच्या मनानं घेतलं की भाज्यातच ओसरीवर एक कॉम्प्युटर मांडायचा. बायकांना अर्जासाठी लोणावळ्याला यावं लागू नये. मी माझा एक जुना कॉम्प्युटर त्यांच्यासाठी बाजूला काढला, पुसून, प्लॅस्टिकचं कापड घालून ठेवला. दिवाळीनंतर न्यायचा ठरला. गावात त्यांनी सगळ्यांना सांगूनही टाकलं.

आपला पेनड्राइव्ह मावशी कुंकवाच्या करंड्यात ठेवायच्या. पितळी, फिरकीच्या झाकणाचा. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मालक गेल्यापासनं रिकामाच हाय. घासून, धुऊन ठेवलेला. घरात झाकण घट बसनारं येवढंच भांडं, आन पोरं बी त्याला हात लावत न्हाईत."

आता दसरा.

दसऱ्याला आम्ही दुकानातल्या यंत्रांची पूजा करतो. हिनं कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर अक्षता वाहिल्या आणि पुढच्या बाजूला ओलं कुंकू लावलं. मला त्या दिवशी लग्नपत्रिकांचं एक नवीन सॉफ्टवेअर घालायचं होतं. बाराशे नक्षी, गणपतीचे दीडशे प्रकार. खरं म्हणजे ते विकत घ्यायचं असतं. मला ते एका बारा भानगडींच्या जागेवर फुकट मिळालं होतं, झिपमध्ये, पासवर्डचं कुलूप घालून, पासवर्ड शेजारीच लिहिलेला.

मी पंचांग बघितलं. विजयमुहूर्त दुपारी दोन वाजून वीस मिनिटांपासून तीन वाजून सात मिनिटांपर्यंत.

ही म्हणाली, "दसरा साडेतीन मुहूर्तांतला. आज आणि वेगळा मुहूर्त कशाला?"

"शुभ कामात दुप्पट शुभ असलं तर बिघडलं कुठे?" मी म्हणालो.

वळकटी नीट सोडली. तेवढं बरोबर केलं. नवं फोल्डर केलं, त्यात सगळं काढलं. रीडमी दिसला, इंग्रजीत होता, तो बाजूला सारला. सेटअपवर टिचकी मारली आणि अँटिव्हायरसनं हटकलं. म्हणाला, थांबा, मला हे तपासायचं आहे, एक तास चाळीस मिनिटं लागतील. घड्याळात दोन पंचेचाळीस झाले होते. मुहूर्त संपायला बावीस मिनिटं.

मी अँटिव्हायरस बंद केला.

वर तो कागद लटकत होता. त्यालाही हिनं हळदकुंकू लावलेलं होतं.

पुढे, पुढे, पुढे, मान्य, मान्य, पुढे. कलम चौदा असलंच तर ते डोळ्यांपुढून आगगाडीसारखं गेलं. तीन वाजून चार मिनिटांनी पडद्यावर 'अभिनंदन' उमटलं आणि मी नारळ फोडला. सॉफ्टवेअर खरोखर छान चाललं. दीडशे गणपती होते.

संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. हौसामावशीही आल्या. माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "सर, सणाचं काम सांगू नये, पन फलक तेवढा पेनड्राइव्हात घालून द्या. शनवारी-रविवारी गर्दी हाय, मळवलीत छापून घ्येते." मी घालून दिला. त्यांनी मला सोनं दिलं. मी त्यांना काय दिलं ते चार दिवसांनी कळलं.

त्या सॉफ्टवेअरबरोबर एक शॉर्टकट व्हायरस आला होता. हा प्रकार त्या काळी फार होता. तो फायली खात नाही, लपवतो. तुमचं फोल्डर अदृश्य करतो आणि त्याच्या जागी त्याच नावाचा तोतया बसवतो. तुम्ही तोतयावर टिचकी मारली की व्हायरस पुढच्या मशीनमध्ये. माझ्या दुकानात दिवसाला वीस-पंचवीस पेनड्राइव्ह यायचे. आठवड्यात अर्ध्या मावळात पोचला.

पहिली बोंब बेडशाहून आली. तुळशीच्या लग्नाआधीच, काढीव मुहूर्तावर एका लग्नाची वरात निघाली होती. वरातीचं घोडं एका ठरावीक गाण्यावर नाचायला शिकवलेलं, आणि ते गाणं स्पीकरवाल्या बाळूच्या पेनड्राइव्हमध्ये. बाळूनं पेनड्राइव्ह खुपसला, स्पीकर मुका. घोडं रस्त्याच्या मधोमध उभं. पुढे ढकललं तर हलेना, मागे ओढलं तर हलेना. नवरदेव वर बसून घामाघूम. दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर अडले. शेवटी नवऱ्याच्या मामांनी ते गाणं तोंडानं म्हटलं. पहिलं कडवं संपलं की घोडं थांबायचं. मामांना एकच कडवं येत होतं. पारापासून मांडवापर्यंत त्यांनी ते एकतीस वेळा म्हटलं, आणि नंतर अक्षता टाकायच्या वेळी त्यांना आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळू स्पीकरवाला दुकानात. त्याच्या मागे मामा, गळ्याला मफलर. त्यांच्या मागे एक शाळामास्तर, त्यांचे प्रगतिपत्रकांचे तोतये झालेले. भजनी मंडळाचे दोघे. पायरीपर्यंत गर्दी.

"सर, तुमच्या हितनंच झालंय," बाळू म्हणाला. "मी दुसरीकडं कुटंच पेनड्राइव्ह लावला न्हाई. घोड्याचा मालक मला मारायला निघालाय."

"माझ्या इथून? शक्य नाही," मी म्हणालो. "तो कागद वाचा वर काय लिहिलंय." सगळ्यांनी मान वर करून कागद वाचला. मी खाली मान घालून बसलो.

नेमक्या त्याच वेळी हौसामावशी पायरी चढल्या. मळवलीच्या दुकानात त्यांचाही फलक उघडला नव्हता. गर्दीतून वाट काढत आल्या, करंडा उघडला आणि पेनड्राइव्ह माझ्यापुढे ठेवला. त्याच्या पत्र्याच्या टोकाला लाल कुंकू लागलेलं होतं.

माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला सुटका दिसली. मी तो पेनड्राइव्ह दोन बोटांत धरून सगळ्यांना दिसेल असा उचलला.

"हे बघा," मी म्हणालो. "इथून आलं. करंड्यात ठेवतात हा. कुंकू आत गेलं, माझ्या मशीनमध्ये बिघाड झाला, आणि तिथून सगळीकडे."

कुंकवानं व्हायरस होत नाही. हे मला ठाऊक होतं. पण टायपिंगवाल्या सरांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. बाळूनं "हां, तरीच," म्हटलं. मामांना बोलता येत नव्हतं, त्यांनी मान हलवली. मास्तरांनीसुद्धा मान हलवली, आणि ते विज्ञान शिकवायचे.

मावशी पेनड्राइव्हकडे बघत राहिल्या. "पन करंडा तर मी..." एवढंच म्हणाल्या. मग पदरानं पेनड्राइव्ह पुसला, मशीनही पुसायला पुढे झाल्या आणि मधेच हात मागे घेतला. "न्हाई, आता हात न्हाई लावत," म्हणाल्या. "सर, माझ्यापायी तुमचं लय नुकसान झालं."

मी म्हणालो, "असू दे, असू दे." मोठ्या मनानं म्हणालो. हे 'असू दे' मला सगळ्यात जास्त टोचतं.

पुढचे आठ दिवस मी सगळ्यांचे पेनड्राइव्ह दुरुस्त केले. लपलेल्या फायली परत दाखवायची एक ओळ असते, ती टाइप केली की सगळं जागच्या जागी दिसतं. लोक खूश. बाळूनं मला पेढे दिले.

नेनेकाका तेव्हाच काही कामासाठी आले होते. मी पेनड्राइव्हांच्या ढिगात असताना त्यांनी माझ्या पडद्यावर ते फोल्डर उघडं पाहिलं आणि स्वभावानुसार रीडमी वाचायला घेतला. अर्ध्या तासानं चष्मा काढला.

"यात पहिलीच ओळ अशी आहे की आधी अँटिव्हायरस बंद करा. तुम्ही केलात?"

मी ढिगातला पुढचा पेनड्राइव्ह उचलला.

"तारीख दसऱ्याची दिसते. त्या बाई संध्याकाळी आल्या असं तुम्हीच सांगितलंत. मग नुकसानीला जबाबदार कोण?"

"काका, कुंकू पण होतं ना पेनड्राइव्हला," मी म्हणालो.

ही तेव्हा चहा घेऊन आली होती. तिनं कप ठेवले, कॉम्प्युटरपुढे वाकून बघितलं आणि पेनड्राइव्ह खुपसायच्या भोकात करंगळीचं नख घालून बाहेर काढलं. नख लाल.

"हे कुंकू मी लावलंय," ती म्हणाली. "पूजेला. ओलं होतं, आत उतरलं. हौसाबाई करंडा धुऊन ठेवतात. त्यांच्याकडे कुंकू येणार कुठून? तुमच्याच मशीनचं त्यांच्या पेनड्राइव्हला लागलं."

म्हणजे कुंकूही माझं आणि व्हायरसही माझा.

"दिवाळीनंतर त्या कॉम्प्युटर न्यायला येतील ना," मी म्हणालो. "तेव्हा सांगतो."

त्या आल्या नाहीत. निरोप आला, "सरांना सांगा, ती मशीन दुसऱ्या कुनाला तरी द्या. माझ्या हाताला यश न्हाई." ओसरीवरचा फलक त्यांनी खडूनं लिहायला सुरुवात केली. बायका पुन्हा अर्जासाठी लोणावळ्याला माझ्याकडे येऊ लागल्या. त्यातली एक हसत म्हणाली, "आमची मावशी निगाली व्हती कॉम्पुटर घ्याया. करंड्यातली इंजिनेर." गावात मावशींचं नावच ते पडलं होतं.

मी माफी मागायचे प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा भाज्याला गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली. मावशींनी पाट मांडला, पिठलं वाढलं, म्हणाल्या, "सर आले, लय बरं वाटलं." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या, चौथीला नको म्हणालो, एवढाच काय तो पश्चात्ताप, आणि परत आलो. दुसऱ्यांदा एका लग्नात भेटल्या. मी म्हणालो, "मावशी, मला तुमच्याशी बोलायचंय, त्या दिवशी चूक माझी," आणि बाळूनं स्पीकर लावला. मी पाच मिनिटं सगळं सांगितलं. त्या हसून मान हलवत होत्या. शेवटी कानाशी येऊन ओरडल्या, "व्हय व्हय, मठ्ठा लय झ्याक झालाय." तिसऱ्यांदा मळवली स्टेशनवर समोरच्या फलाटावर दिसल्या. मी पूल चढून जाईपर्यंत गाडी गेली. खरं सांगायचं तर मी पूल सावकाश चढलो.

नेनेकाका दर दसऱ्याला फोन करतात. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," म्हणतात आणि मग, "सांगितलंत का?" मी विषय बदलतो. ते म्हणतात, "नोंद घेतली." बारा वर्षांच्या बारा नोंदी त्यांच्या वहीत आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे.

दुकान मी बंद केलं. मग यंदा कळलं की हौसामावशींनी पुन्हा कॉम्प्युटर धरला आहे. नात कॉलेजला, तिच्या लॅपटॉपवर शिकवते. आता पाहुणे जेवणाची ऑर्डर ईमेलनं देतात आणि मावशी बोटानं उत्तर लिहितात. मला इतका आनंद झाला की मी ठरवलं, आता माफी मागायचीच, आणि तोंडानं जमत नाही तर लिहून.

लिहिली. एक पान. मग वाटलं, लॅपटॉप नातीचा, घरातल्या कुणी वाचली तर? म्हणून ती झिपमध्ये घातली आणि झिपला पासवर्डचं कुलूप लावलं. माझा जुना ईमेल मला उघडता येईना, त्याचा पासवर्ड मी विसरलो होतो, म्हणून एक नवीन काढला, ज्याच्यावर माझं नाव नव्हतं. फाईलला नाव दिलं 'अत्यंत महत्त्वाचे'. ईमेलमध्ये लिहिलं: 'उघडण्याआधी घाबरू नये. पासवर्ड दसरा. आपला, जुना टायपिंगवाला.' आणि धाडून दिली.

ज्यांनी वरचं नीट वाचलंय त्यांना दिसलंच असेल. चोराच्या झिपची सगळी लक्षणं माझ्या माफीत होती. वीस वर्षं लोकांना शिकवलं आणि मला ते दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"सर, हौसा बोलती, भाज्याची."

"बोला मावशी."

"मला एक झिप आलीया. धाडनारा वळखीचा न्हाई. वर लिवलंय घाबरू नये, म्हनून मी घाबरले. पासवर्ड बी त्यानंच दिलाय. नात म्हनली, आज्जे, उघडू नको, आधी धाडनाऱ्याला तोंडानं इचार. खाली लिवलंय टायपिंगवाला. मंग म्हटलं, टायपिंगवाला म्हंजी आमचं सरच. तुमी धाडली का?"

फोन स्पीकरवर होता. मागे भांडी वाजत होती, कुणीतरी कांदा मागत होतं, नात हसत होती. फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. बारा वर्षांचं काम त्या एका अक्षरात उरकलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "मी नाही पाठवली."

"मला वाटलंच. तुमी कशाला असलं धाडताय. ह्यो कुत्रं सोडून या म्हननारा पावना दिसतोय. मंग काय करू हिचं?"

हा प्रश्न मला वीस वर्षं लोकांनी विचारला. उत्तर जिभेवर बसलेलं आहे, ते माझी परवानगी घेत नाही.

"उघडू नका," मी म्हणालो. "पुसून टाका. कचऱ्याच्या डब्यातूनही पुसा."

थोडा वेळ टिचक्या ऐकू आल्या.

"पुसली. डब्यातनं बी पुसली. बरं झालं तुमाला इचारलं. सर, त्या टायमाला माझ्या पेनड्राइव्हनं तुमची मशीन बिगाडली, तवापासनं मी लय जपून ऱ्हाती बगा. पुन्यांदा माझ्यापायी कुनाचं वाटोळं नको."

मी "असू दे" म्हणालो. दुसऱ्यांदा.

फोन ठेवला तेव्हा ही समोर बसून लसूण सोलत होती. संध्याकाळी तिनं संपादकांना स्वतः फोन करून सांगितलं की यंदा हे लेख देणार आहेत, आणि माझे डोळे ठणठणीत आहेत.

त्या झिपमधला कागद माझ्याकडे आहे. तो इथे देतो. वळकटी सोडलेली आहे, कुलूप काढलं आहे आणि पाठवणारा मीच आहे, कुणीही तोंडानं विचारावं.

'हौसामावशी, तुमचा पेनड्राइव्ह स्वच्छ होता. कुंकू आमच्या पूजेचं होतं आणि घाण माझ्या मशीनमधली. दसऱ्याला मी घाईनं कुत्रं सोडून दिलं आणि नंतर चार माणसांत तुमच्यावर ढकललं. तुमच्या हाताला यश होतं, ते मी घालवलं. तुमच्यासाठी बाजूला काढलेला कॉम्प्युटर मी कुणाला दिला नाही, अजून माळ्यावर आहे. काल वायर लावून बघितली. तो आता सुरू होत नाही. त्याबद्दलही मला माफ करा.'